शैक्षणिक संस्थांच्या संकेतस्थळासाठी ड्रुपलची अल्पपरिचित मॉड्यूल्स : भेस्तानच्या संदर्भात

उधना व सचिन या स्थानकांच्या दरम्यान असलेले भेस्तान हे सुरतचे दक्षिणेकडील उपनगर होय. यंत्रमाग व कापड प्रक्रिया उद्योगामुळे सुरतच्या या भागात खानदेश, ओडिशा आणि उत्तर भारतातून आलेली कुटुंबे स्थायिक झाली. सुरत महानगरपालिकेच्या प्राथमिक शाळा गुजरातीबरोबरच मराठी, उर्दू, हिंदी, ओडिया, तेलुगू व इंग्रजी या माध्यमांतूनही चालतात, त्यामागे हेच कारण आहे. अशा वस्तीतील शिक्षणसंस्थेला एकच सूचना अनेक भाषांत द्यावी लागते. शिष्यवृत्तीची मुदत संपल्यावरही जुनी सूचना संकेतस्थळावर राहिली, तर एखादा पालक कामावर खाडा करून अर्ज घेऊन येतो आणि रिकाम्या हाताने परततो. म्हणून संकेतस्थळाची निगा हा केवळ तांत्रिक प्रश्न नाही.

ड्रुपल ही २००१ मध्ये खुली झालेली, जीएनयू सार्वजनिक परवान्याखाली विनामूल्य मिळणारी प्रणाली आहे. भारत सरकारचे २०१२ मधील खुल्या माहितीचे दालनही याच प्रणालीवर उभारले गेले. मूळ प्रणालीला जे पूरक भाग जोडता येतात त्यांना मॉड्यूल म्हणतात. त्यांची संख्या हजारोंनी असल्यामुळे प्रसिद्ध मॉड्यूल्सच्या गर्दीत काही उपयुक्त मॉड्यूल्सकडे दुर्लक्ष होते.

आधी मूळ प्रणाली

नोव्हेंबर २०१५ मध्ये आलेल्या आठव्या आवृत्तीपासून भाषांसाठीची चार मॉड्यूल्स मूळ प्रणालीतच समाविष्ट आहेत. उर्दू भाषा निवडल्यास पानाची दिशा उजवीकडून डावीकडे होते. नस्तालीक वळणाचा फॉन्ट मात्र स्वतंत्रपणे बसवावा लागतो व ओळींतील अंतर वाढवावे लागते, अन्यथा अक्षरे एकमेकांवर चढतात. जे काम मूळ प्रणाली करते त्यासाठी वेगळे मॉड्यूल घेऊ नये.

पाच उपयुक्त मॉड्यूल्स

१. शेड्युलर : सूचना कोणत्या दिवशी प्रकाशित व्हावी आणि कोणत्या दिवशी मागे घ्यावी, हे आधीच ठरवता येते. हे काम ड्रुपलच्या क्रॉन या नियतकालिक प्रक्रियेवर अवलंबून असते. मूळ प्रणालीतील स्वयंचलित क्रॉन कोणी संकेतस्थळाला भेट दिली तरच चालतो. म्हणून कमी वर्दळीच्या संकेतस्थळाने सर्व्हरवरील क्रॉन लावून घ्यावा.

२. डिफ : एकाच पानाच्या दोन आवृत्त्यांतील फरक हे मॉड्यूल शेजारी-शेजारी दाखवते. मराठी सूचनेत तारीख बदलली, पण उर्दूत जुनीच राहिली, असे अनेकदा घडते. मूळ मजकुरात नेमके काय बदलले हे कळल्यास भाषांतरकाराला तेवढाच भाग दुरुस्त करता येतो.

३. बिबसाइट : शोधपत्रिका काढणाऱ्या संस्थांसाठी हे विशेष उपयोगी आहे. लेख, लेखक, वर्ष व पृष्ठे यांची नोंद ठेवून ते संदर्भसूची तयार करते. बिबटेक व आरआयएस या प्रचलित स्वरूपांतील नोंदी त्यात घेता येतात व बाहेरही देता येतात.

४. लिंकचेकर : पानांतील दुवे तपासून तुटलेल्या दुव्यांची यादी देते. सरकारी योजनांचे पत्ते वारंवार बदलत असल्याने ही यादी महिन्यातून एकदा तरी पाहावी.

५. हिजरी : तारखा हिजरी कालगणनेनुसार दाखवते. चांद्रवर्ष सुमारे ३५४ दिवसांचे असते. शिवाय महिन्याचा आरंभ चंद्रदर्शनावर ठरतो, तर संगणक केवळ गणिताने तारीख काढतो. त्यामुळे एका दिवसाचा फरक पडू शकतो. रमजान अथवा ईदच्या सुट्टीची सूचना या आकड्यावर विसंबून देऊ नये, स्थानिक घोषणेनंतरच ती निश्चित करावी.

निवडीची कसोटी

अल्पपरिचित मॉड्यूलचा धोका त्याच्या अल्प परिचयातच असतो. ते सांभाळणारा एखादाच स्वयंसेवक असतो व तो थांबला की मॉड्यूलही थांबते. ड्रुपल ७ ला मिळणारे अधिकृत साहाय्य ५ जानेवारी २०२५ रोजी संपले. त्या आवृत्तीत अनेक शोधपत्रिकांनी संदर्भसूचीसाठी बिब्लिओ हे मॉड्यूल वापरले होते. नव्या आवृत्त्यांत त्याची जागा बिबसाइटने घेतली. म्हणजे केवळ प्रणाली बदलून भागत नाही, साठवलेल्या नोंदीही नव्या घरात न्याव्या लागतात. या तयारीसाठी अपग्रेड स्टेटस हे मॉड्यूल कोणता भाग नव्या आवृत्तीशी जुळत नाही ते सांगते.

म्हणून मॉड्यूल घेण्यापूर्वी त्याच्या अधिकृत पानावर चार गोष्टी पाहाव्यात : सुरक्षा-सूचनांचे संरक्षण दर्शविणारी ढालीची खूण आहे काय, शेवटची आवृत्ती केव्हा आली, किती संकेतस्थळे ते वापरतात, आणि नोंदविलेल्या तक्रारींना उत्तरे मिळतात काय. त्यानंतर संकेतस्थळाची प्रत काढून त्या प्रतीवर प्रथम चाचणी घ्यावी.

समारोप

लहान संस्थेत संकेतस्थळाचे काम बहुधा एखादा शिक्षक किंवा माजी विद्यार्थी फावल्या वेळात करतो. तो गेल्यावर कोणते मॉड्यूल कशासाठी बसविले होते हे कोणालाच ठाऊक नसते. प्रत्येक मॉड्यूलचे नाव, प्रयोजन, आवृत्ती व बसविल्याची तारीख संस्थेच्या दप्तरी एका वहीत लिहून ठेवावी आणि ज्याचे प्रयोजन सांगता येत नाही ते काढून टाकावे. सॉफ्टवेअर विनामूल्य मिळाले तरी त्याची निगा विनामूल्य होत नाही. ती जबाबदारी व्यक्तीवर न सोडता संस्थेने स्वीकारली, तरच वस्तीतल्या प्रत्येक पालकाला त्याच्या भाषेत आणि वेळेवर माहिती मिळेल.