मूळ आकार न विसरणारे पदार्थ

पोलादाची ओळख भिलाईकरांना नव्याने करून द्यावी लागत नाही. १९५९ साली येथे पहिली झोतभट्टी सुरू झाली आणि कॅम्प-१ सारख्या वस्त्यांतून अनेक मराठी कुटुंबेही या कारखान्याच्या आधाराने स्थिरावली. पोलादाची तार एकदा पुरती वाकली की वाकलेलीच राहते, हा आपला नित्याचा अनुभव. परंतु वाकविल्यानंतर किंचित ऊब मिळताच मूळ आकार पुन्हा धारण करणारे पदार्थही आहेत आणि वैद्यकशास्त्राने त्यांचा मोठ्या कल्पकतेने उपयोग करून घेतला आहे.

स्मृती धातूची

या गुणाला 'आकारस्मृती' म्हणतात. निकेल आणि टायटॅनियम यांचा नायटिनॉल हा मिश्रधातू १९६० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकी नौदलाच्या प्रयोगशाळेत पुढे आला. थंड असताना तो सहज वळतो. ऊब मिळताच त्यातील अणू पूर्वीच्या रचनेत परततात. हा बदल शरीराच्या ३७ अंश सेल्सियस तापमानाच्या आसपास घडावा, अशी योजनाही करता येते. वेडेवाकडे दात सरळ करणाऱ्या तारांमध्ये तो सर्रास वापरला जातो. शिवाय सुमारे आठ टक्के ताण सोसूनही तो पूर्ववत होतो. त्यामुळे बारीक नळीत दुमडून बसविलेली जाळी शरीरात इष्ट स्थळी पोचताच आपोआप उलगडते आणि मोठी चिरफाड टळते.

पुण्याशी जडलेले नाते

तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेने बंगळुरूच्या राष्ट्रीय वांतरिक्ष प्रयोगशाळेच्या सहकार्याने नायटिनॉलची दोन साधने विकसित केली. एक, हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधील जन्मजात छिद्र बुजविणारे. दुसरे, मेंदूतील रक्तवाहिनीला आलेल्या फुग्याकडे जाणारा रक्तप्रवाह वळविणारे. २०२० मध्ये त्यांच्या निर्मितीसाठी पुण्याच्या बायोरॅड मेडिसिस या कंपनीशी करार झाला. दुसऱ्या प्रकारच्या आयात साधनाची किंमत त्या वेळी सात ते आठ लाख रुपये होती. यावरून स्वदेशी निर्मितीचे मोल ध्यानी यावे.

आता पॉलिमरची पाळी

धातू शरीरात कायमचा राहतो. काही पॉलिमर मात्र काम संपताच विरघळून जातात. २००२ मध्ये आंद्रेआस लेंडलाइन आणि रॉबर्ट लँगर यांनी असा धागा सादर केला, की ज्याची सैल गाठ सुमारे ४० अंशांवर स्वतःच घट्ट होते. अरुंद जागी टाका घालणाऱ्या शल्यविशारदाला याचे महत्त्व सांगावयास नको. पॉलिमरच्या फोमपासून बनविलेल्या, रक्तवाहिनीत फुगून ती बंद करणाऱ्या साधनाला अमेरिकेच्या नियामकाने २०१८ मध्ये मान्यता दिली. पॉलिमर धातूच्या कितीतरी पट ताणले जाऊ शकतात. मात्र पूर्वाकारात परतताना त्यांचा जोर कमी पडतो. म्हणून दोहोंची क्षेत्रे भिन्न राहतात.

ग्राहकांसाठी दोन शब्द

लहान जखमेमुळे रुग्णालयातील मुक्काम घटतो. परंतु एकूण खर्चात साधनाचा वाटा मोठा असू शकतो. तेव्हा शस्त्रक्रियेपूर्वी साधनाचे नाव, निर्माता आणि किंमत लेखी मागावी. आरोग्य विम्यात अशा साधनांच्या खर्चावर मर्यादा आहे काय, हेही आधीच तपासून घ्यावे. विज्ञानाने वाचविलेले आयुष्य कर्जाच्या ओझ्याखाली दबू नये, यासाठी एवढी दक्षता पुरेशी उपयोगी पडते.