ओढ्यात इंजिन बंद पडलं, तर सेल मारू नका

हवा दाबली जाते, पाणी जवळजवळ नाही. एअर इनटेकमधून सिलिंडरमध्ये शिरलेल्या पाण्यावर पिस्टन आदळला की कनेक्टिंग रॉड वाकतो. कधी ब्लॉक फोडून बाहेरही येतो. हाच हायड्रोलॉक. डिझेल इंजिनात पिस्टनच्या वर जागा कमी, त्यामुळे थोडं पाणीही पुरतं.

गाडी ओढून कोरड्यावर घ्या, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. मग एअर फिल्टर उघडा. कोरडा निघाला तर बहुधा वाचलात. भिजलेला असेल, तर पेट्रोल गाडीचे स्पार्क प्लग, डिझेलचे ग्लो प्लग किंवा इंजेक्टर काढल्याशिवाय इंजिन फिरवू नये. (डिझेलचं काम मेकॅनिकचंच.) धक्का स्टार्ट तर नकोच नको. डिपस्टिकवरचं ऑइल दुधाच्या चहासारखं दिसलं, तर ऑइल आणि फिल्टर दोन्ही बदला. गिअरबॉक्स आणि डिफरन्शियलचं ऑइलही पाहा. ते हमखास विसरलं जातं.

महिंद्रा थारसाठी कंपनी ६५० मिमी खोलीची मर्यादा सांगते, म्हणजे गुडघ्याच्या थोडं वर. साध्या विम्यात हायड्रोलॉकचं नुकसान सहसा भरून मिळत नाही. इंजिन प्रोटेक्शनचं अ‍ॅड-ऑन पॉलिसी घेतानाच मागून घ्या.