सागाच्या पोटात दडलंय काय?

पाऊस सुरू झाला की मोखाडा तालुक्यातल्या सूर्यमाळच्या डोंगरात सागाची कोवळी पानं दिसू लागतात. त्यातलं एक पान तळहातावर खसाखसा चोळा. पान हिरवं, पण हात लाल! कोवळ्या पानात लाल रंगद्रव्य असतं, ते चोळल्यावर बाहेर येतं. जून पान मात्र पॉलिश पेपरसारखं खरखरीत, आणि केवढं थोरलं! बांबूच्या इरल्यात पळसाची नाहीतर सागाची पानं घातली, की भर पावसात आवणी करताना पाठ कोरडी राहते.

पण खरी गंमत आहे खोडात. इकडच्या घरांच्या कुडाच्या भिंती कारवीच्या, वरून शेणमातीने लिंपलेल्या. त्यांच्यामधली सागाची मेढ जमिनीत पुरलेली, चार महिने ओलाव्यात उभी. तिथे सावरीचं लाकूड असतं, तर केव्हाच कुजलं असतं. मग साग कसा टिकतो?

कापलेला ओंडका नीट बघा. कडेला पांढुरका पट्टा, आत सोनेरी तपकिरी गाभा. गाभ्यावर बोट फिरवा, किंचित तेलकट लागेल. वास घ्या, कातड्यासारखा येतो! पांढऱ्या भागातून पाणी वर चढतं. तिथे अन्नाचा साठाही असतो, म्हणून वाळवी आधी तोच भाग खाते. आतल्या पेशी जुन्या होऊन मरतात, पण मरण्याआधी त्या साठ्यातून टेक्टोक्विनोनसारखी रसायनं बनवून ठेवतात. ती वाळवीला आणि बुरशीला अजिबात नकोशी. म्हणजे गाभा मेला, तरी स्वतःची राखण करतोच! मला तर याचं फार कौतुक वाटतं. शिवाय सागात वाळूतला सिलिका असतो, त्याने करवतीचे दातसुद्धा बोथट होतात.

तिकडे कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर लाल सीडर नावाचं झाड आहे. त्याचाही गाभा असाच कुजत नाही. तिथले आदिवासी त्याची घरं आणि होड्या करत आले, सालीचे दोर वळत आले.

आणि आपला साग? कार्ल्याच्या चैत्यगृहात छताला लाकडी कमानी आहेत ना, त्या सागाच्या, सुमारे २००० वर्षांपूर्वीच्या! १८१७ मध्ये मुंबईच्या वाडिया गोदीत मलबारी सागाचं 'ट्रिंकोमाली' जहाज बांधलं. ते इंग्लंडमधल्या हार्टलपूलला आजही पाण्यावर तरंगतंय.

एवढा गाभा भरायला मात्र कित्येक वर्षं लागतात. कोवळ्या सागात पांढरंच जास्त. म्हणून चौकटीचं लाकूड घेताना जाणता सुतार आधी ओंडक्याचं कापलेलं टोक बघतो: गाभा किती, पांढरं किती.