शस्त्रक्रियेनंतरचे तीन महिने

कारवार-अंकोल्याकडील एखादी पंचाहत्तरीची आजी न्हाणीघरात घसरून पडावी, खुब्याचे हाड मोडावे आणि अरबैलचा घाट चढून तिला हुबळीस न्यावे, ही आमच्या किनारपट्टीला अपरिचित गोष्ट नव्हे. १९५७ साली स्थापन झालेले व पुढे ‘किम्स’ या नावाने सर्वतोमुखी झालेले हुबळीचे सरकारी वैद्यकीय महाविद्यालय, २००३ पासूनचे सत्तूरचे एसडीएम वैद्यकीय महाविद्यालय आणि धारवाडचे जुने मनोरुग्णालय, म्हणजे आताचे डिमहान्स, यांमुळे या जोडशहराकडे रुग्णांची रीघ लागलेली असते. शस्त्रक्रिया होते, काही दिवसांत आजी घरी येते, आणि खरी परीक्षा तेथून सुरू होते.

ही परीक्षा औषधांची नाही, शुश्रूषेची आहे. अशा रुग्णाला शक्य तितक्या लवकर, बहुधा दुसऱ्याच दिवशी, आधार देऊन उभे करावे असे आजचे वैद्यकशास्त्र सांगते. आपल्या घरांत मात्र प्रेमापोटी ‘पडू दे, आराम करू दे’ असेच म्हटले जाते, आणि त्या आरामातच पायांतील उरलेले बळ ओसरते. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस साधारणपणे दर दोन तासांनी बदलावी लागते. माकडहाडावर वा टाचेवर लाली दिसली आणि बोटाने दाबूनही ती क्षणभर फिकी होत नसेल, तर तेथे व्रणाची सुरुवात झालेली आहे असे जाणावे. पेज भरवायची ती आडवे निजवून नव्हे. पाठ उंच करून, घोटाघोटाने, अन्यथा ती श्वासनलिकेत जाऊन फुप्फुसाला सूज येण्याची भीती असते. उतारवयात तहान कमी लागते. म्हणून मागण्याची वाट न पाहता पाणी द्यावे. हे सारे साधे आहे. पण रुग्णालयातून निघताना ते कोणी समजावून सांगते काय? हाती पडते ती औषधांची चिठ्ठी आणि पुन्हा दाखवण्याची तारीख.

धारवाडला पेन्शनरांचे गाव म्हणण्याची रीत जुनी आहे. शांत आळ्या, पावसाळी हवा आणि गाणे यांच्या ओढीने तेथे स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांची मुले आज पुण्या-बंगळुरास वा परदेशी आहेत. घरी सासू ऐंशीची आणि तिची सेवा करणारी सूनच साठीची! मग पदराला खार लावून एखाद्या संस्थेमार्फत मुलगी आणली जाते. तिला सारे ‘नर्स’ म्हणतात. वास्तविक जनरल नर्सिंगचा अभ्यासक्रमच तीन वर्षांचा, आणि नंतर राज्याच्या परिचर्या परिषदेत नोंदणी आवश्यक. ती नोंदणी विचारण्याचे कोणाला सुचत नाही. त्या मुलीचाही दोष नाही. तिला शिकवले कोणी?

सरकारने काहीच केले नाही असे आम्ही म्हणणार नाही. २००७ च्या कायद्याने आईवडिलांच्या निर्वाहाची जबाबदारी मुलांवर टाकली व त्यात वैद्यकीय उपचारही गणले. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्राने सत्तर वर्षे व त्यापुढील सर्वांसाठी आयुष्मान योजनेखाली वर्षाला पाच लाखांचे संरक्षण जाहीर केले. परंतु ही योजना मुख्यतः रुग्णालयातील खाटेची आहे. घरातील खाटेपाशी येणाऱ्या परिचारिकेचे वेतन तीत बसत नाही.

केरळने हा विचार आपल्या आधी केला. १९९३ साली कोझिकोडला सुरू झालेल्या वेदनाशामक उपचार केंद्रातून स्वयंसेवकांचे जाळे वाढले, २००८ मध्ये राज्याने त्याविषयीचे धोरण स्वीकारले आणि आज तेथील ग्रामपंचायती परिचारिकेला घरोघर पाठवतात. १९६२ साली एकत्र झालेल्या हुबळी-धारवाड महापालिकेला हे अशक्य का असावे? परिचर्या महाविद्यालये शहरात आहेत, आणि सामुदायिक परिचर्येसाठी घरभेटी हा तर विद्यार्थिनींच्या अभ्यासक्रमाचाच भाग आहे. त्या भेटींत अंथरुणाला खिळलेल्या वृद्धांची घरे अग्रक्रमाने घ्यावीत.

तोवर एक गोष्ट उद्यापासून करता येईल. रुग्णाला घरी सोडण्यापूर्वी वॉर्डातील अनुभवी परिचारिकेने घरच्या माणसाकडून कूस बदलणे, उभे करणे, भरवणे प्रत्यक्ष करवून घ्यावे. ते कन्नडइतकेच मराठी-कोंकणीतही सांगितले जावे. कारण घाटाखालून आलेल्या सुनेला कन्नडातले सारेच उमजते असे नाही, आणि विचारायला ती संकोचते.