पाय चालू द्या, डोकेही चालू द्या

म्हातारपणी पडणे ही साधी गोष्ट नव्हे. खुब्याचे हाड मोडले की धडधाकट आजीसुद्धा खाटेला खिळते, आणि पुढे पूर्वीसारखी हिंडू-फिरू लागेलच असे नाही. आपण म्हणतो, वय झाले, पाय लटपटले. पण दोष एकट्या पायांचा नसतो.

चालताना तोल सांभाळायला मेंदू लागतो. तरुणपणी हे काम नकळत होते. उतारवयात त्याकडे लक्ष द्यावे लागते. तेवढ्यात कोणी हाक मारली की लक्ष वाटले जाते आणि पाऊल चुकते. १९९७ साली स्वीडनमधील संशोधकांनी ५८ वृद्धांना चालता चालता बोलते केले. १२ जण बोलण्यासाठी थांबले. पुढच्या सहा महिन्यांत त्यांपैकी १० जण पडले!

मग उपाय काय? शरीर आणि बुद्धी यांना एकत्र कामाला लावणे. जिनिव्हा शहरात १३४ वृद्धांवर असा प्रयोग झाला. आठवड्यातून एक तास, सहा महिने, त्यांनी पियानोच्या तालावर पावले टाकली. ताल बदलला की चालही बदलायची. त्यांचे पडणे कमी झाले, असे २०११ साली प्रसिद्ध झाले.

हे वाचून आम्हांला आपली झाकरी आठवली. कोकणातून मॉरिशसला आलेल्या आपल्या पूर्वजांचा हा ठेवा. ढोलकी ऐकायची, गाण्याचे बोल ध्यानात ठेवायचे आणि पाऊलही चुकवायचे नाही. तत्त्व तेच!

घरी सुरुवात सोपी करावी. जवळ भिंत किंवा भक्कम खुर्ची असावी, बाजूला घरचे माणूस असावे. आधी नुसते हळू चालावे. ते जमले की चालताना नातवंडांची नावे घ्यावीत, मग शंभरातून तीन-तीन वजा करीत जावे. टाळी वाजली की वळावे. चक्कर येत असेल किंवा पूर्वी पडणे झाले असेल, तर आधी डॉक्टरांना विचारावे. ओल्या न्हाणीघरात व जिन्यावर मात्र गप्पा नकोत. तिथे सारे लक्ष पावलांकडेच हवे.

बंधू-भगिनींनो, येत्या गणेश चतुर्थीला झाकरी रंगेल, तेव्हा आजी-आजोबांना नुसते खुर्चीवर बसवून ठेवू नका. त्यांचा हात धरा, ताल थोडा संथ करा आणि त्यांनाही चार पावले टाकू द्या.