वॉर्डात शिकायची विद्या

रुग्णालय डॉक्टरांच्या नावाने ओळखले जाते, पण तिथले बरेचसे काम डॉक्टर नसलेल्या माणसांच्या हातून होते. रक्त काढणे, एक्स-रे घेणे, सलाईन लावणे, औषध मोजून देणे, अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची दर दोन तासांनी कूस बदलणे, ही सगळी शिकावी लागणारी कामे आहेत. ती शिकवणारे अभ्यासक्रम म्हणजे आरोग्यसेवेतील व्यवसाय-प्रशिक्षण. बारावीनंतर दोन-तीन वर्षांत मिळवते करणारी वाट म्हणून छोट्या गावांतल्या घरांत त्याकडे पाहिले जाते, आणि त्यात वावगे काही नाही. मात्र या शिक्षणाची किंमत चकचकीत माहितीपत्रकावरून कळत नाही. ते कोणत्या रुग्णालयाला जोडलेले आहे, यावर ती ठरते.

पुण्यात हे फार पूर्वी ओळखले गेले होते. १९०९ साली रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली सेवासदन सुरू झाले, तेव्हा परिचारिकेचे काम घरंदाज बाईचे मानले जात नव्हते. सेवासदनाने मुलींना आणि विधवांना या कामासाठी तयार केले आणि त्यांच्या शिक्षणासाठी ससून रुग्णालयाची मदत घेतली. संस्थेने आधार द्यायचा आणि काम वॉर्डात शिकायचे, अशी ती विभागणी होती.

आजही परिचर्येचे शिक्षण याच पायावर उभे आहे. १९४७च्या कायद्याने स्थापन झालेली भारतीय परिचर्या परिषद त्याचे निकष ठरवते. एएनएम म्हणजे सहाय्यकारी परिचारिका प्रसविका हा अभ्यासक्रम दोन वर्षांचा असून बारावीची कोणतीही शाखा त्याला चालते. त्यातले सहा महिने आंतरवासितेचे असतात. उपकेंद्रात लस टोचणारी, गरोदर बायांची नोंद ठेवणारी सिस्टर बहुधा याच वाटेने आलेली असते. जीएनएम म्हणजे सामान्य परिचर्या व प्रसविका हा अभ्यासक्रम तीन वर्षांचा आणि बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांचा. उत्तीर्ण झाल्यावर महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे नोंदणी करावी लागते. तिच्याशिवाय नुसत्या गुणपत्रिकेला अर्थ नाही.

वॉर्डचा एवढा आग्रह का, हे बाळंतपणाच्या खोलीत उमजते. बाळ आणि वार बाहेर आल्यावर गर्भाशय आवळून घट्ट व्हावे लागते. ते सैल राहिले, तर काही मिनिटांत धोका होईल इतका रक्तस्राव होऊ शकतो. पोटावर हात ठेवून घट्ट गर्भाशय कोणते आणि सैल कोणते, हे ओळखायचे असते. पुस्तकात त्याचे वर्णन अर्ध्या पानाचे असते. हाताला ते कळायला मात्र अनुभवी सिस्टर शेजारी उभी असताना केलेली बाळंतपणे लागतात. ज्या विद्यालयाच्या रुग्णालयात खाटा रिकाम्या आहेत, तिथली विद्यार्थिनी हे शिकणार कुठे?

प्रयोगशाळेतल्या टेक्निशियनचे काम बाहेरून यांत्रिक दिसते, कारण तपासणी आता बरीचशी यंत्रच करते. चुका होतात त्या यंत्रापर्यंत पोचण्याआधी. जांभळ्या झाकणाच्या नळीत ईडीटीए हे रसायन असते आणि ते सहसा पोटॅशियमच्या क्षाराच्या रूपात असते. या नळीतले रक्त चुकून दुसऱ्या नळीत गेले, तर निरोगी माणसाचे पोटॅशियम भयावह वाढलेले आणि कॅल्शियम घटलेले दिसते. निळ्या झाकणाच्या नळीत एक भाग सायट्रेटला नऊ भाग रक्त हवे. नळी अर्धीच भरली, तर रक्त गोठायला प्रत्यक्षाहून जास्त वेळ लागतो असा अहवाल येतो, आणि त्यावर विसंबून औषधाची मात्रा बदलली जाऊ शकते. नळ्यांचा क्रम, सुई टोचण्याची रीत, नमुन्यावर नाव रुग्णासमोरच लिहिण्याची सवय या गोष्टी डीएमएलटी म्हणजे लॅब टेक्निशियनच्या पदविकेच्या विद्यार्थ्याच्या अंगवळणी पडतात त्या रोज गर्दी असलेल्या लॅबमध्ये.

औषधनिर्माणाच्या पदविकेत, म्हणजे डी.फार्ममध्ये, दोन वर्षांनंतर ५०० तासांचे प्रात्यक्षिक प्रशिक्षण असते. १९४८च्या कायद्याप्रमाणे डॉक्टरच्या चिठ्ठीवरचे औषध नोंदणीकृत फार्मासिस्टनेच द्यायचे असते. दुकानाच्या भिंतीवर एकाचे प्रमाणपत्र आणि गल्ल्यामागे दुसराच, हे दृश्य मात्र ग्राहकाला नवे नाही. एक्स-रे टेक्निशियनला चित्र नीट घेण्याइतकेच स्वतःला आणि रुग्णाला किरणांपासून वाचवणे शिकावे लागते. अंगावरची किरणमापक पट्टी त्यासाठीच असते.

सगळेच प्रशिक्षण वर्षानुवर्षांचे असावे लागत नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांत कमी शिकलेल्या बायांना नवजात बाळाची घरी काळजी घ्यायला शिकवले. बाळाचे श्वास मोजणे, ऊब टिकवणे, जंतुसंसर्गाची लक्षणे ओळखणे आणि ठरलेले उपचार देणे एवढे त्यांचे काम. नवजात मृत्यूंचे प्रमाण ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे आशा सेविकांच्या गृहभेटींना याच अनुभवाचा आधार मिळाला. मात्र या बायांचे काम नेमके आखलेले होते, आणि ते तपासणारे कोणी सतत पाठीशी होते. थोड्या काळाचे शिक्षण पुरले ते त्यामुळे.

काही महिन्यांचे रुग्णसहायकाचे अभ्यासक्रमही याच मापाने पाहावेत. अंघोळ घालणे, भरवणे, कूस बदलणे, व्हीलचेअरवर बसवणे यासाठी ते उपयोगी आहेत, आणि घरोघरी वृद्धांची काळजी घेणाऱ्यांना मागणीही आहे. पण तेवढ्या शिक्षणावर ‘नर्स’ म्हणवून इंजेक्शने देणे कायद्यात बसत नाही. गल्लोगल्ली फलक लावणाऱ्या संस्था हा फरक सांगायला उत्सुक नसतात. प्रवेश घेणाऱ्याने तीन प्रश्न तरी विचारावेत: परीक्षा कोण घेते, नोंदणी कोणत्या परिषदेकडे होते आणि प्रात्यक्षिक कोणत्या रुग्णालयात, किती तास?

तासांचा प्रश्न आता कायद्यातही आला आहे. परिचर्या आणि औषधनिर्माण यांच्यासाठी आधीपासून परिषदा होत्या, पण लॅब, क्ष-किरण, डायलिसिस, भौतिकोपचार अशा व्यवसायांसाठी देशपातळीवर एक नियामक नव्हता. २०२१च्या केंद्रीय कायद्याने त्यांच्यासाठी आयोगाची तरतूद केली. सहायक आरोग्य व्यावसायिक ठरण्यासाठी किमान २,००० तासांचे, दोन ते चार वर्षांत विभागलेले शिक्षण त्यात सांगितले आहे. पदवीच्या पातळीवरील आरोग्य व्यावसायिकासाठी ही मर्यादा ३,६०० तासांची आहे.

परदेशी जाणाऱ्यांनाही तासांचा हिशेब चुकत नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने जर्मनीतील बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाबाबत करार केला. त्यात परिचारिकांचाही समावेश आहे. तिथे परिचारिका म्हणून मान्यता मिळवताना जर्मन भाषेची साधारणपणे बी-२ पातळी लागते. शिवाय इथल्या अभ्यासक्रमातले विषय आणि प्रात्यक्षिकाचे तास तिथल्या अभ्यासक्रमाशी पडताळले जातात, आणि तफावत निघाली तर तिथल्या वॉर्डात काम करून किंवा परीक्षा देऊन ती भरून काढावी लागते.