तिसरा दिवस की एकविसावा? जेल पॉलिश सुटण्याचा हिशेब

हाताचं नख दिवसाला साधारण ०.१ मिलिमीटर वाढतं. महिन्याला जेमतेम ३ मिलिमीटर. जेल पॉलिश सुटल्याची तक्रार घेऊन क्लायंट परत आली, की या आकड्यापासून सुरुवात करावी. चौदाव्या दिवशी क्युटिकलपाशी दिसणारी १.४ मिलिमीटरची मोकळी पट्टी किंवा एकविसाव्या दिवशीची २.१ मिलिमीटरची पट्टी म्हणजे निव्वळ नखाची वाढ. त्यात पार्लरवालीचा दोष नाही आणि बाटलीचाही नाही. पण तिसऱ्याच दिवशी तिथे १ मिलिमीटर जागा रिकामी दिसत असेल, तर नख काही इतक्या घाईने वाढलेलं नाही. जेल सुटलंय.

दोन्हींतला फरक ओळखायला भिंग लागत नाही. बोट डोळ्यांच्या रेषेत धरून ट्यूबलाइटखाली तिरपं करायचं. जेल चिकटलेलं असेल तिथे रंग सलग दिसतो. सुटलेल्या कडेखाली हवा शिरते आणि तिथे चंदेरी-पांढरट झाक मारते. तरी शंका असेल तर एक केस कडेवरून ओढून पाहावा. अडकला, की समजावं.

जेल पॉलिश पार्लरमध्ये रुळलं ते २०१० नंतर. त्या वर्षी सीएनडी या अमेरिकी कंपनीने ‘शेलॅक’ बाजारात आणलं आणि १४ दिवस टिकण्याचा बोलबाला झाला. तेव्हापासून १४ हा आकडा क्लायंटच्या डोक्यात पक्का बसलाय. भिलाईत सुपेल्यापासून सिव्हिक सेंटर आणि नेहरू नगरपर्यंत कुठेही विचारा, दोन आठवड्यांच्या आत निघालं तर ‘फुकट करून द्या’ ही मागणी ठरलेली. दुर्ग-भिलाई या जोडशहराची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेतच साडेदहा लाखांवर गेली होती. एवढ्या मोठ्या गावात नाराज क्लायंटला दुसरं पार्लर सापडायला वेळ लागत नाही, म्हणून मागणी निमूटपणे मानली जाते. नवं जेल लागतं, पण आधीचं का सुटलं हे कुणी पाहत नाही.

दिवस मोजून झाले, की बोटं मोजा. दहाच्या दहा नखांवर सुटलं असेल तर चूक पद्धतीत आहे: तयारी, बाटली किंवा लॅम्प. फक्त दोन्ही अंगठ्यांवर असेल तर जवळजवळ नक्की लॅम्प. उजव्या हाताची पहिली दोन-तीन बोटं असतील तर क्लायंटचा हात कुठे राबतो ते विचारा. एकच नख वारंवार सुटत असेल तर त्या नखाचंच काहीतरी बिघडलंय. कडही बघून ठेवा. क्युटिकलकडून सुटलं तर नखाला चिकटलेली मेलेली कातडी राहिली होती किंवा जेल कातडीवर वाहून गेलं होतं. टोकाकडून सुटलं तर टोकावर ब्रश फिरवायचा, म्हणजे कॅपिंग करायचं, राहिलं असणार. नाहीतर नख फार लांब ठेवलंय आणि प्रत्येक डबा उघडताना तेच तरफेसारखं वापरलं जातंय.

सगळ्यात जास्त माहिती मात्र निघालेल्या तुकड्यात असते आणि तोच आपण केराच्या डब्यात टाकतो. तो उलटा करून पाहा. खालची बाजू काचेसारखी गुळगुळीत असेल, तर जेलने नख धरलंच नव्हतं. मध्ये तेल, ओल किंवा धूळ राहिली होती, नाहीतर नखाची चमक काढलेली नव्हती. खालच्या बाजूला पांढरट पापुद्रे चिकटून आले असतील तर गोष्ट नेमकी उलटी. जेलने नख घट्ट धरलं होतं, पण नखाचाच वरचा थर सोलून निघाला. इथे आणखी कडक प्रायमर लावणं म्हणजे आगीत तेल. बेस कोट नखावर शाबूत आणि फक्त रंग सुटला असेल, तर बिघाड दोन कोटांच्या मध्ये आहे. लॅम्पखाली क्युअर झालेल्या, म्हणजे घट्ट झालेल्या, कोटावर एक चिकट थर उरतो, कारण हवेतला ऑक्सिजन पृष्ठभागावरचं जेल पुरतं घट्ट होऊ देत नाही. पुढचा कोट त्याच थराला धरतो. तो मधेच पुसला किंवा त्याला बोट लागलं, की पकड गेली. आणि तुकडा खालून मऊ, सुरकुतलेला असेल तर जेल आतपर्यंत पिकलंच नव्हतं. काळ्या आणि गडद मरून शेडमध्ये हे हमखास होतं. रंगद्रव्यच प्रकाश गिळतं आणि जाड कोटाच्या तळाशी तो पोचत नाही. म्हणून एका जाड कोटाऐवजी दोन पातळ.

आता तयारी. भिलाईसारख्या स्टील प्लांटच्या गावात हे वेगळं सांगायला नको की गंजावर मारलेला रंग पोपडे धरून निघतो आणि त्यात रंगाचा काही दोष नसतो. पण नखाच्या बाबतीत एक मोठा फरक आहे: इथे घासायला माल फार थोडा आहे. बाईच्या हाताचं नख सरासरी ०.५ मिलिमीटर जाड असतं. जेल सुटलं की पुढच्या वेळी जास्त घासायचं, तरी सुटलं की आणखी घासायचं, ही सवय मला सगळ्यात घातक वाटते. पातळ झालेलं नख वाकतं, त्यावरचं जेल तेवढं वाकत नाही आणि दोघांच्या ओढाताणीत कड सुटते. म्हणजे उपायच कारण होऊन बसतो. १८० किंवा त्याहून बारीक ग्रिटने चमक जाईपर्यंत हलकेच फिरवायचं, धूळ झाडायची, लिंट-फ्री वाइपवर आयसोप्रोपिल अल्कोहोल किंवा डिहायड्रेटर घेऊन पुसायचं आणि मग त्या नखाला बोट लावायचं नाही. खरा वेळ द्यायचा तो नखावर पसरलेल्या पारदर्शक कातडीला. ती डोळ्यांना दिसत नाही, पण पुशर फिरवला की पीठ निघावं तशी निघते.

आपल्याकडे दुसरी अडचण पाण्याची. मॅनिक्युअर म्हटलं की कोमट पाण्याचा बाऊल समोर यायलाच हवा, हा जुना रिवाज. नख पाणी पितं आणि फुगतं, मग सुकताना आकसतं. फुगलेल्या नखावर जेल लावलं, की घरी गेल्यावर नख आकसतं आणि जेलची कड उचलली जाते. जेलच्या आधी बाऊल नको, मॅनिक्युअर कोरडंच करा. लग्नसराईत मेंदी ही आणखी एक भानगड. कोनमध्ये बहुतेक वेळा निलगिरीचं तेल घातलेलं असतं आणि रंग चढावा म्हणून वरून मोहरीचं किंवा खोबरेल तेल चोळतात. आधी मेंदी, मग निदान एक दिवस मध्ये ठेवून जेल, हा क्रम नवरीच्या आईला बुकिंगच्या वेळीच सांगावा.

हवेचा हिशेबही धरावाच लागतो. भिलाईत मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि दुपारची हवा अगदी कोरडी असते. पावसाळ्यात याच गावात भरपूर पाऊस पडतो. वरवर पाहता मेमध्ये जेल उत्तम टिकायला हवं. पण आपण खोलीत कूलर लावतो. बाहेरची कोरडी हवा त्याच्या गवतातून ओली होऊन येते आणि झोत थेट टेबलावर असतो. क्लायंटच्या तळहाताचा घाम तो वेगळाच. जेल लावण्यापुरतं कूलरचं तोंड फिरवा. बाटलीही दारातल्या उन्हात ठेवू नका. उन्हातही अतिनील किरण असतात आणि बाटलीतलं जेल हळूहळू घट्ट व्हायला लागतं. नागपूर इथून रेल्वेने अडीचशे किलोमीटरच्या थोडं पुढे, हवा तीच आणि कूलरही तेच. विदर्भातल्या पार्लरनाही हे जसंच्या तसं लागू आहे.

लॅम्पवर ३६ किंवा ४८ वॅट लिहिलेलं असतं आणि विकणारा तोच आकडा दाखवतो. तो आकडा लॅम्प वीज किती खातो याचा, आणि स्वस्त मालावर तेवढाही खरा असेल याची खात्री नसते. नखावर किती प्रकाश पडतो हे त्यावरून कळत नाही. हल्लीच्या बहुतेक एलईडी लॅम्पचा प्रकाश ३६५ आणि ४०५ नॅनोमीटरच्या आसपास असतो. जेलमधला क्युअर सुरू करणारा घटक त्याच तरंगलांबीवर जागा व्हायला हवा.

त्यात अंगठ्याची भूमिती. पाची बोटं एकदम आत घातली की अंगठा कलंडतो. वरून सरळ येणारा प्रकाश ४५ अंश कलंडलेल्या नखाला ७१ टक्के मिळतो आणि ६० अंशांवर निम्माच. बाजूचे दिवे थोडी भरपाई करतात, पूर्ण नाही. मग अंगठे वेगळे का घेत नाहीत? घड्याळामुळे. बेस, दोन रंग आणि टॉप असे ४ कोट, २ हात, प्रत्येकी ६० सेकंद, म्हणजे लॅम्पचीच ८ मिनिटं. अंगठे दर वेळी वेगळे घेतले की १६. दिवसाला ६ क्लायंट असतील तर ४८ मिनिटं जादा. दोन्ही अंगठे एकदम सरळ टेकवले तर ती २४ वर येतात. फुकट दुरुस्तीच्या एका बैठकीला याहून जास्त वेळ जातो, त्यामुळे हा व्यवहार तोट्याचा नाही.

बाटली बदलल्यावर सुटायला लागलं असेल तर आणखी एक शक्यता आहे. युरोपीय संघाने १ सप्टेंबर २०२५ पासून सौंदर्यप्रसाधनांत टीपीओ हा क्युअर सुरू करणारा घटक वापरायला बंदी घातली. त्यामुळे कंपन्या फॉर्म्युले बदलू लागल्या आहेत. लेबल तेच दिसलं तरी आतला माल वेगळा असू शकतो आणि त्याला तुमच्या लॅम्पचे जुने ३० सेकंद पुरतीलच असं नाही. लेबलवरचा वेळ पुन्हा वाचा. ज्या बाटलीवर बॅच नंबर आणि घटकांची यादी नाही, ती घेऊच नका.

कच्चं राहिलेलं जेल नुसतं सुटत नाही, अंगावरही उठतं. ब्रिटनच्या त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ मध्ये जाहीर केलेल्या पाहणीत अ‍ॅलर्जीची चाचणी केलेल्या रुग्णांपैकी २.४ टक्के जणांना जेलमध्ये असणाऱ्या मेथाक्रिलेट गटातल्या किमान एका रसायनाची अ‍ॅलर्जी निघाली. या गटातलं हेमा हे रसायन असलेली नखांची उत्पादनं युरोपात २०२१ पासून फक्त व्यावसायिकांनी वापरायची आहेत. क्लायंटला जेल महिन्यातून एकदा लागतं, पार्लरवालीच्या बोटांना रोज. नायट्राइलचे हातमोजे तिच्यासाठी आहेत.

सुटलेल्या जागी वरून टॉप कोट भरून क्लायंटला वाटेला लावणं सोपं असतं, पण आतली ओल तिथेच कोंडली जाते आणि त्या ओलीत स्यूडोमोनास हे जिवाणू वाढतात. नखावर हिरवा डाग दिसतो तो त्यांचाच. सुटलेलं जेल अ‍ॅसिटोनच्या कापसात १०-१५ मिनिटं फॉइल बांधून काढा, ओढू नका. हिरवा डाग असेल, नख खालच्या मांसापासूनच सुटत असेल किंवा बोटांना खाज-सूज असेल, तर त्या दिवशी त्या हाताला जेल लावू नका आणि क्लायंटला त्वचारोगतज्ज्ञाकडे पाठवा. महिन्याला ३ मिलिमीटर या वेगाने नवं नख मुळापासून टोकापर्यंत यायला साधारण ६ महिने लागतात, हेही तिला तेव्हाच सांगा.